दुकानातल्या फ्रिजला दार हवंच



मोठ्या मार्टमध्ये दही-पनीरच्या रांगेशी उभं राहिलं की पावलं गार पडतात, हा अनुभव तुम्हा सगळ्यांचा असेल. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत घोट्यापाशी माघातली थंडी. आपल्याला बरं वाटतं. मुलं तर तिथून हलायलाच तयार नसतात. पण तो गारवा आपल्यासाठी सोडलेला नसतो. तो कपाटातून सांडलेला असतो. दुकानदार ज्या थंडाव्यासाठी दर तासाला पैसे मोजतो, तोच फरशीवर ओघळून जात असतो. आपल्या घरात कुणी फ्रिजचं दार अर्धा मिनिट उघडं ठेवून विचार करत उभं राहिलं की आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येतो, "दार लाव आधी!" आणि इथे सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री शटर ओढेपर्यंत दारच नसलेलं कपाट चालू आहे. सासूबाईंनी हे पाहिलं तर काय म्हणतील?

माझं मत सुरुवातीलाच सांगते. मोठ्या दुकानांतल्या थंड कपाटांना दार सक्तीचं असावं, आणि ती सक्ती सरकारने कायद्याने करावी. दुकानदारांच्या सद्बुद्धीवर सोडू नये. छोट्या दुकानदाराला मात्र त्याच काठीने हाकू नये. त्याची गोष्ट वेगळी आहे, तीही पुढे सांगते.

हे उघडं कपाट चालतं कसं, ते आधी समजून घेऊ. वरच्या कडेच्या फटींतून थंड हवेचा झोत खाली सोडतात आणि खालच्या जाळीतून तो परत आत ओढून घेतात. म्हणजे काचेऐवजी हवेचाच पडदा. तो दिसत नाही म्हणून सगळं उघडं वाटतं, हात सहज आत जातो. कल्पना हुशारीची आहे यात शंका नाही. पण हवेचा पडदा तो हवेचाच. माणूस समोरून गेला, पंखा फिरला, ट्रॉली गेली, कुणी पिशवी काढायला हात घातला, की तो फाटतो. बाहेरची गरम, दमट हवा आत शिरते आणि आतली थंड हवा जड असल्यामुळे खाली सांडते. अशा उभ्या उघड्या कपाटाच्या यंत्राला जेवढी उष्णता बाहेर काढावी लागते, त्यातली साधारण ७० ते ८० टक्के केवळ या आत शिरणाऱ्या हवेमुळे आलेली असते. दूध गार करायला फार थोडी शक्ती लागते, कारण दूध तर आधीच गार होऊन आलेलं असतं. म्हणजे हे यंत्र दिवसभर दुकानाची हवा गार करत बसतं.

त्यात आपल्याकडची हवा दमट. कोकणात, मुंबईत तर विचारूच नका, पण पावसाळ्यात आपल्या सांगली-कोल्हापूरकडेही तेच. ती ओल आतल्या नळ्यांवर बर्फ होऊन बसते. बर्फ साचला की थंडावा पोचत नाही, म्हणून तो वितळवावा लागतो, आणि वितळवायला पुष्कळ ठिकाणी हीटर लावलेला असतो. म्हणजे गार करायच्या कपाटात मधूनमधून शेगडी पेटवायची आणि मग पुन्हा गार करायला लागायचं.

आमच्या मंडळात हा विषय निघाला तेव्हा एक ताई म्हणाल्या, "सांडला गारवा तर सांडू दे की, तेवढंच एसीला कमी काम." वरवर पाहता पटण्यासारखं आहे. पण हिशेब तसा बसत नाही. हवा २५ अंशांपर्यंत गार करणं आणि २-३ अंशांपर्यंत गार करणं यात फार फरक आहे. जितकं जास्त थंड करायचं, तितकी प्रत्येक अंशाला वीज अधिक लागते. एसीचं स्वस्तातलं काम दुधाच्या फ्रिजकडून महागात करून घेण्यासारखं आहे ते. केरसुणीचं काम देवघरातल्या मोरपिच्छीने करावं तसं.

आता कायद्यांकडे वळते, कारण या बाबतीत युरोपातले लोक आपल्या थोडे पुढे गेले आहेत आणि त्यांच्याकडे काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

फ्रान्समध्ये मोठ्या दुकानांच्या संघटनेने जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या सरकारशी एक करार केला. २०२० पर्यंत आपल्या दुकानांतल्या थंड कपाटांपैकी ७५ टक्के कपाटांना दारं बसवू, असं वचन त्यांनी दिलं. कायदा नव्हता तो. आपल्याकडे चातुर्मासात महाराजांसमोर उभं राहून नियम घेतात ना, तसं. नियम घेण्याची ताकद मी कमी समजत नाही. पण आपल्यालाही माहीत आहे, नियम घेणारा मनाने तयार असेल तरच तो पाळला जातो. आणि इथे तर एकाने नियम घेतला आणि शेजारच्या दुकानाने घेतला नाही, तर पहिल्याला धास्ती की गिऱ्हाईक उघड्या कपाटाकडे जाईल. व्यापारी घरातल्या आपण सगळ्या. ही धास्ती काय असते ते आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणूनच अशा बाबतीत सगळ्यांना एकाच दिवसापासून लागू होणारा कायदा मला जास्त न्यायाचा वाटतो. त्यात चांगलं वागणाऱ्याचं नुकसान होत नाही.

तसा कायदा युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून लागू केला. दुकानात माल मांडून विकायचे जे फ्रिज, फ्रीझर, आइस्क्रीमच्या पेट्या, थंड पेयांचे कूलर असतात, त्या सगळ्यांना विजेच्या वापराची कमाल मर्यादा ठरवून दिली. मर्यादेबाहेरचं नवीन यंत्र बाजारात आणायचंच नाही. १ सप्टेंबर २०२३ पासून ती मर्यादा आणखी घट्ट केली. जोडीला 'ए' ते 'जी' असं लेबल आलं, हिरव्यापासून लालपर्यंत, आपल्या चांदण्यांसारखं. गंमत म्हणजे या कायद्यात "दार लावा" असं कुठेही लिहिलेलं नाही. उघड्या कपाटावर बंदी नाही. फक्त वीज अमुक इतकीच खायची, एवढंच सांगितलं आहे. कसं साधायचं ते कारखानदाराने पाहावं. कुणी दार लावेल, कुणी पंखे सुधारेल, कुणी दिवे बदलेल.

मला ही पद्धत अर्धी पटते. कारखानदाराला मोकळीक असावी हे खरं. मोकळीक मिळाली की माणसं डोकं चालवतात. इंग्लंडमध्ये मोटारशर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या विल्यम्सच्या अभियंत्यांनी एका छोट्या कंपनीबरोबर मिळून फळ्यांच्या कडेला बसवायची पट्टी तयार केली. शर्यतीच्या गाडीवर हवा वळवायला जसा पंख असतो, त्याच तत्त्वाची ही पट्टी थंड हवेला कपाटातच धरून ठेवायला मदत करते. तिथल्या मोठ्या दुकानांनी त्या बसवल्याही. पण माझा प्रश्न असा, की ज्या दुखण्यावर दार हे सरळ औषध आहे, त्यावर पट्ट्या किती दिवस बांधायच्या?

त्याच युरोपीय कायद्यातली आणखी एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. यंत्राचं मॉडेल विकणं बंद झाल्यावरही त्याचे सुटे भाग ८ वर्षं मिळाले पाहिजेत अशी अट त्यात आहे. त्यात दाराचं रबर आलं, बिजागऱ्या आल्या, थर्मोस्टॅट आला. बायांनो, फ्रिजचं रबर! आपल्यापैकी किती जणींच्या घरी चांगला चालणारा फ्रिज केवळ "ह्या मॉडेलचं रबर येत नाही आता" म्हणून भंगारात गेला असेल? सैल रबराचा फ्रिज म्हणजे घरातलं उघडं कपाटच. वीज वाचवण्याचा कायदा आणि वस्तू टिकवण्याचा कायदा एकाच कागदावर आला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

अमेरिकेत हेच प्रकरण कोर्टात गेलं होतं. तिथल्या ऊर्जा खात्याने २०१४ मध्ये दुकानांतल्या फ्रिजसाठी नवीन कडक मापं ठरवली. झीरो झोन नावाची फ्रिज बनवणारी कंपनी आणि उद्योगाच्या संघटना विरोधात गेल्या. त्यांचं म्हणणं, खर्च आमच्या अंगावर येतो आणि फायदा मोजताना खात्याने हवामानाच्या नुकसानीचाही हिशेब धरला, तो धरायला नको होता. २०१६ मध्ये कोर्टाने खात्याच्या बाजूने निकाल दिला. धुरामुळे पुढच्या पिढ्यांचं होणारं नुकसान पैशांत धरून नियम करणं चुकीचं नाही, असं मान्य झालं. २०१७ पासून ती मापं लागू झाली. मला यात कंपनीचा फार राग येत नाही. छोट्या कारखानदाराला नवीन साचे, नव्या चाचण्या जड जातातच. पण ज्याचं नुकसान होणार त्याचा जन्मही अजून झालेला नाही, त्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी होती, आणि कोर्टाने ती धरली.

आता आपल्याकडे. आपल्याला फ्रिजवरच्या चांदण्या चांगल्या ठाऊक आहेत. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे बीईई स्थापन झाला आणि २००६ मध्ये चांदण्यांचं लेबल सुरू झालं. आधी ऐच्छिक होतं. २०१० पासून घरातल्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला ते सक्तीचं झालं. आज लग्नात द्यायचा फ्रिज घेतानाही आपण चांदण्या मोजतो, हे त्या सक्तीचं फळ आहे. ऐच्छिकच राहिलं असतं तर कमी चांदण्यांच्या फ्रिजवर कुठल्या कंपनीने लेबल चिकटवलं असतं? दुकानांतल्या डीप फ्रीझरला हे लेबल २०२० मध्ये आलं, तेही आधी ऐच्छिक म्हणून. म्हणजे घरातल्या फ्रिजची मोजदाद आधी झाली आणि चोवीस तास चालणाऱ्या दुकानातल्या यंत्राची पाळी मागाहून आली. मोठ्या इमारतींसाठीही आपल्याकडे ऊर्जा संहिता आहे, १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या व्यापारी इमारतींना. पण तिचा सगळा भर भिंती, छप्पर, काचा, एसी, दिवे यांवर. आणि सुपरमार्केटची साधारण निम्मी वीज तर फ्रिज-फ्रीझरच खातात. इमारतीला संहिता आणि तिच्या पोटातल्या सगळ्यात मोठ्या खादाडाला सूट, हे काही बरोबर नाही.

आणि नियम करतील तेव्हा युरोपाचा कागद तसाच उचलून आणू नये, ही माझी दुसरी मागणी. तिथे दुकानातली ही कपाटं तपासतात ती २५ अंश तापमानात आणि ६० टक्के आर्द्रतेत. आता सांगा, मे महिन्यात मिरजेच्या किंवा सोलापूरच्या कुठल्या दुकानात २५ अंश असतात? एसी नसलेल्या दुकानात दुपारी ४० च्या आसपास पारा जातो. कागदावर चांगलं ठरलेलं यंत्र तिथे धापा टाकतं. चाचणी आपल्या हवेत व्हायला हवी, आपल्या उन्हाळ्यात आणि आपल्या पावसाळ्यात. आणि वीज वाचवण्याच्या नादात कुणी यंत्राचा काटा वर सरकवू नये. दूध ५ अंशांखालीच राहिलं पाहिजे, गोठवलेला माल उणे १८ लाच. नाहीतर वीज वाचली आणि दूध नासलं, यात वाचवलं काय? नासलेल्या दुधामागे गाईच्या चाऱ्यापासून टँकरच्या डिझेलपर्यंत सगळं वाया गेलेलं असतं.

दाराविरुद्ध जी तक्रार दुकानदार करतात ती मी आमच्या घरातच ऐकते. आमच्या भाऊजींचं, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचं, तालुक्याच्या गावी दुकान आहे. किराणा होता, आता मार्ट झालंय. जाऊबाई गल्ल्यावर असतात. गेल्या वर्षी दुकान वाढवायचं ठरलं तेव्हा थंड कपाटं कुठली घ्यायची यावर घरात तीन रविवार चर्चा झाली. भाऊजी उघड्याच्या बाजूने. त्यांचं म्हणणं, "वहिनी, गिऱ्हाईक हात घालून उचलतं तेव्हाच माल खपतो. दार आलं की अर्धे लोक नुसतं बघून पुढे जातात." जाऊबाई दाराच्या बाजूने, पण त्यांचं कारण वेगळंच. उघड्या कपाटासमोर गिऱ्हाइकं, विशेषतः मुलं, दह्याचे डबे उचलून बघतात आणि दुसरीकडेच कुठेतरी ठेवून जातात. संध्याकाळी बिस्किटांच्या रांगेत गरम झालेलं श्रीखंड सापडतं.

भाऊजींच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पण अमेरिकेत अभ्यासकांनी एका दारवाल्या आणि एका बिनदाराच्या कपाटांच्या दुकानाची तुलना केली, तेव्हा विक्रीत नजरेत भरेल असा फरक दिसला नाही. वीज मात्र दारवाल्याची कमी लागली. किती वाचते हे दुकानावर, हवेवर आणि जुन्या कपाटाच्या अवस्थेवर आहे. पाव हिस्सा ते निम्मी, असं धरायला हरकत नाही. आणि गिऱ्हाइकाची सवय म्हणाल, तर तीही बदलते. पूर्वी किराणा दुकानात सगळं फळीच्या पलीकडे असायचं, आपण नुसती यादी द्यायचो. तेव्हा काय कुणी उपाशी राहिलं?

दाराच्या खऱ्या अडचणी मला दुसऱ्या वाटतात. एक म्हणजे काचेवर धुकं धरतं. दमट हवेत दार उघडलं की काच पांढरी, आतलं काही दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून काचेच्या चौकटीत बारीक तारा घालून ती गरम ठेवतात. त्यालाही वीज लागते. म्हणून दार लावलं म्हणजे सगळं झालं असं नाही. त्या तारा चोवीस तास चालू आहेत की ओल वाढली तेवढ्यापुरत्या चालू होतात, हे विचारून घ्यावं लागतं. आमच्या भाऊजींना विकणाऱ्याने हे आपण होऊन सांगितलं नव्हतं, जाऊबाईंनी विचारलं तेव्हा कळलं. दुसरी अडचण वयस्कर मंडळींची. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने जड दार ओढायचं आणि ते आपोआप मिटतंय, हे ज्यांचे खांदे धरलेत त्यांना त्रासाचं आहे. सरकतं दार बरं पडतं. आणि मूठ सगळ्यांनी हाताळायची म्हणून पुसायचं काम वाढतं, ते वेगळंच.

ज्यांना एकदम दारं परवडत नाहीत त्यांच्यासाठी रात्रीचा पडदा आहे. दुकान बंद झालं की कपाटावर ओढायचा, सकाळी गुंडाळायचा. स्वस्त आहे, आणि रात्रीचे दहा-बारा तास तरी गारवा आत राहतो. हा एवढा साधा नियम तर उद्यापासून करता येईल. त्याला कुठली प्रयोगशाळाही लागत नाही.

आता छोट्या दुकानदाराकडे येते. कोपऱ्यावरच्या दुकानात काचेच्या दाराचा एक उभा कूलर असतो, त्यावर थंड पेयाच्या कंपनीचं भलं मोठं नाव. पुष्कळदा तो कूलर दुकानदाराचा नसतोच. कंपनीने ठेवायला दिलेला असतो. कंपनी यंत्र निवडते आणि विजेचं बिल दुकानदार भरतो, तेही घरगुती दरापेक्षा महाग अशा व्यापारी दराने. यंत्र स्वस्त मिळालं की कंपनीचा फायदा, वीज जास्त खाल्ली की दुकानदाराचा तोटा. निवडणारा एक आणि भोगणारा दुसरा. इथे दुकानदाराला दंड करून काय उपयोग? नियम यंत्राच्या मालकावर हवा. दुकानात ठेवायला दिलेल्या प्रत्येक कूलरवर, आपल्या हवेत तो वर्षाला किती युनिट खाईल, हे ठळक मराठीत लिहिलेलं असावं. मग दुकानदारच म्हणेल, बाबा रे, हा नको, दुसरा आण. जुनं यंत्र बदलून देताना सरकारने छोट्यांना हात द्यावा आणि मोठ्या साखळी दुकानांनी आपलं आपण पाहावं.

विजेच्या आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट राहिली, ती म्हणजे फ्रिजमधला गॅस. मोठ्या दुकानात एका ठिकाणी कॉम्प्रेसर आणि तिथून प्रत्येक कपाटापर्यंत लांबच लांब नळ्या. जोड जितके जास्त तितकी गळती जास्त. या यंत्रांत वर्षानुवर्षं वापरला जाणारा आर-४०४ए हा गॅस एक किलो गळला, तर हवा तापवण्याच्या बाबतीत तो जवळपास चार टन कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. चार टन! म्हणजे दार लावून, दिवे बदलून वर्षभर केलेली सगळी बचत एका सैल जोडातून जाऊ शकते. नाकाला वास येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. फक्त मेकॅनिक येतो आणि म्हणतो, "गॅस भरायला लागेल." गॅस भरायला लागला म्हणजे आधीचा कुठेतरी गेला, हे आपण विचारतच नाही. युरोपात २०२० पासून नवीन यंत्रांत इतका तापवणारा गॅस घालायला बंदी आली आणि २०२२ पासून स्वतंत्र दुकानी फ्रिज-फ्रीझरवर त्याहून कितीतरी कडक मर्यादा आली. आता तिथे प्रोपेन किंवा चक्क कार्बन डायऑक्साइडच गॅस म्हणून वापरतात. प्रोपेन पेट घेतो म्हणून तो किती ग्रॅम घालायचा यावर बंधन आहे. एका यंत्रात १५० ग्रॅम ही मर्यादा होती, ती २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात ५०० पर्यंत वाढवली. आपल्या देशाने किगाली कराराला २०२१ मध्ये मान्यता दिली, पण आपली कपात सुरू होणार २०३२ मध्ये. आज घेतलेलं कपाट तोवर दुकानात चालूच असेल. म्हणून चांदण्यांच्या लेबलशेजारीच गॅसचं नाव आणि त्याचा ताप किती, हे मोठ्या अक्षरांत असावं. सध्या ते मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, बारीक अक्षरांत असतं.

या सगळ्यात आपला धर्म कुठे आला, असं कुणी विचारेल. रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यात प्रमादचर्या आहे. काही कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं. पाठशाळेत ऐकताना वाटायचं, विनाकारण कोण कशाला वारा घालत बसेल? आज उघड्या कपाटासमोर उभी राहिले की कळतं. पाप करायचं म्हणून कुणी केलेलं नसतं. कुणी विचारच केलेला नसतो, म्हणून होत राहतं.

पण कायद्याच्या बाजूने इतकं बोलल्यावर त्याची एक मर्यादाही बोलायलाच हवी. हे सगळे नियम विचारतात, लिटरमागे वीज किती? एकूण किती लिटर हवेत, हे कुणी विचारत नाही. घरातलंच उदाहरण घ्या. चांदण्या फ्रिजच्या आकाराचा हिशेब धरून दिलेल्या असतात. म्हणून पाच चांदण्यांचा भला मोठा फ्रिज तीन चांदण्यांच्या छोट्या फ्रिजपेक्षा वर्षाला जास्त युनिट खाऊ शकतो. चांदण्या बघून खूश होण्याआधी लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात, ती वाचा. दुकानाचंही तेच. कपाटं सुधारली, प्रत्येकाची वीज घटली, आणि वाचलेल्या पैशांत मालकाने आणखी चार कपाटं घेतली, तर मीटर जिथल्या तिथे. कार्यक्षमता आणि परिमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भोगोपभोगाचं परिमाण कुठलाही ब्युरो ठरवून देणार नाही, ते आपलं आपण ठरवायचं.

खरंच, त्या कपाटात असतं काय? कापलेली फळं, सोललेलं नारळपाणी, इडलीचं पीठ, मोड आलेली मटकी, चपातीची कणीक. आपल्याकडे पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात दिवस. फ्रिजमध्ये ठेवलं म्हणून ती वाढत नाही, हे आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी सांगितलेलं आहे. मग तयार कणीक दहा दिवस गार ठेवणारं कपाट आपल्यासाठी आहे का? नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना मी नावं ठेवत नाही. सकाळी सातची एसटी पकडणाऱ्या बाईला ते इडलीचं पीठ म्हणजे अर्ध्या तासाची झोप आहे, आणि ती झोप मला बर्फापेक्षा मोलाची वाटते. पण जिचा दिवस घरीच जातो तिने मटकी भिजवायला कपाटाची वाट बघावी, हे मला पटत नाही. दुकानदार तेच ठेवतो जे आपण उचलतो.

आमच्या दुकानाचं काय ठरलं ते सांगते, कारण तुम्ही विचारणारच. दूध, दही, पनीर, लोणी यांच्यासाठी सरकत्या दाराची दोन कपाटं आली. भाजी-फळांना थंड कपाट घ्यायचं नाही, असं भाऊजींनीच ठरवलं. भाजी रोज पहाटे बाजारातून येते, ओल्या गोणपाटावर मांडतात आणि दुपारपर्यंत संपते. गोठवलेल्या मालाची आडवी पेटी एकच, वरून काचेचं सरकतं झाकण असलेली. आडव्या पेटीत थंड हवा जड असल्याने तशीही तळाशीच बसून राहते. त्या पेटीत फक्त शाकाहारी माल ठेवायचा, ही जाऊबाईंची अट होती. त्यावर मात्र अर्धा रविवारही चर्चा झाली नाही. उघडं कपाट हवं असा भाऊजींचा हट्ट आइस्क्रीमपुरता उरला होता, पण ते वितळायला लागल्यावर आपोआप सुटला. वेगळा मीटर बसवला आहे, त्याची वही जाऊबाई लिहितात. एक वर्ष पूर्ण झालं की आकडे मागून घेईन आणि इथे लिहीन.

तोवर तुमच्या गावातल्या मोठ्या दुकानात गेलात तर मालकाला किंवा मॅनेजरला तीन गोष्टी विचारा: रात्री कपाटांवर पडदा ओढता का, यात गॅस कुठला आहे, आणि गेल्या वर्षात किती वेळा भरावा लागला. बहुतेक ठिकाणी शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. तरी विचारा. दोन-तीन जणींनी विचारलं की चौथीच्या वेळी तो माणूस वही काढून ठेवतो.